पोलिसी इंग्रजीचा वर्ग: पालक, विद्यार्थी आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

नववी ते बारावीच्या मुलांना पोलीस, तपास आणि कोर्टाच्या कामकाजातलं इंग्रजी शिकवायला सोलापुरात संध्याकाळचा एक वर्ग चालतो. मी तिथे शिकवते. फोनवर, शाळेच्या फाटकात, भाजी घेताना जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. आपल्या शाळेत असा तास सुरू करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठीही मध्ये मध्ये थोडं लिहिलंय.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नसतंच. मग मुलाचा फायदा काय?

बरोबर आहे, नसतं. शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची. त्यात अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण येतं. तुमच्या मुलाला फक्त शिपाई भरतीच द्यायची असेल आणि ती तोंडावर आली असेल, तर त्याला इकडे पाठवू नका. तो तास मैदानावर जाऊ दे, धावण्यात आणि गोळाफेकीत दोन गुण तरी वाढतील.

ज्यांना फौजदार व्हायचंय (पीएसआयला आपल्याकडे अजून फौजदारच म्हणतात) त्यांना पदवीनंतर एमपीएससी द्यावी लागते आणि तिच्या मुख्य परीक्षेत इंग्रजी आहे. वकिली, पत्रकारिता, सायबर तपास, फॉरेन्सिक, कोर्टातली स्टेनोची नोकरी, या सगळ्यांत हे शब्द रोज लागतात.

पण वर्ग सुरू झाला तो या कारणांसाठी नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला माणूस दिसतो आणि ‘तुमच्या नावावर मनी लाँडरिंगची केस आहे, नॉन-बेलेबल वॉरंट निघालंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात’ असं इंग्रजीत बोलायला लागतो. समोरचा शिकलेला माणूससुद्धा गार पडतो. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, आणि वॉरंट रद्द करायला पैसे भरायची सोय कुठल्याच कोर्टात नसते. हे घरात कोण ओळखणार? बहुतेक वेळा फोन हाताळणारं घरातलं पोरगंच. त्याला वॉरंट कोण काढतं आणि अरेस्ट कशी होते हे माहीत असेल, तर आजोबांची मुदतठेव वाचते.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. सोलापूरच्या मुलांना हा आकडा पाठ करून घ्यावा लागत नाही. १९३० हे इथल्या मार्शल लॉचं, म्हणजे लष्करी अमलाचं साल, तेवढं म्हटलं की झालं.

सुरुवात कुठून करता?

मुलांच्या तोंडात आधीच जे आहे तिथून. पहिल्या दिवशी पुस्तक नसतं. ‘पोलिसांशी संबंधित जेवढे शब्द येतात तेवढे सांगा’ एवढंच म्हणते. फळा भरतो: केस, वॉरंट, बेल, लॉकअप, रिमांड, ड्यूटी, राउंड, पंच, पंचनामा, बंदोबस्त, लाठीचार्ज, चलान, एन्काउंटर, तडीपार, हप्ता. कुणी तरी हळूच ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) म्हणतं. ज्याच्या घरी कुणी खात्यात आहे तो ‘पीसीआर, एमसीआर’ (कोठडीचे दोन प्रकार, पुढे येतील) म्हणतो आणि बाकीचे त्याच्याकडे आदरानं बघतात.

मग त्या शब्दांचे दोन ढीग करायचे: जगात कुठेही चालणारे आणि फक्त भारतातल्या इंग्रजीत चालणारे. पंचनामा, बंदोबस्त, लाठीचार्ज, डकॉइट हे शब्द भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं जसेच्या तसे छापतात. पण लंडनच्या वाचकाला पंचनामा म्हणजे काय ते कळणार नाही. तिथे जागेचा पाहणी अहवाल साक्षीदारांसमोर केला, असं फोडून सांगावं लागतं. लाठीचार्जचा बॅटन चार्ज होतो, चलानाचं ट्रॅफिक टिकेट होतं. एन्काउंटरचं तर विचारूच नका. तिकडे त्याचा साधा अर्थ गाठ पडणं असा आहे, आणि ‘माझ्या काकांचं वाघाशी एन्काउंटर झालं’ हे वाक्य एका मुलीनं लिहिलं तेव्हा ते दोन्ही अर्थांनी वाचून वर्ग लोळला.

या तासाचा खरा उपयोग धीर येण्यासाठी. इंग्रजी म्हणजे आपल्याला येत नाही ती गोष्ट, असं मानून बसलेल्या पोराला फळ्यावरचे अर्धे शब्द आपलेच आहेत हे दिसतं.

शब्दांची यादी किंवा पीडीएफ मिळेल का?

नाही. देऊ शकले असते, पण देत नाही. ‘अक्यूज्ड म्हणजे आरोपी, कन्व्हिक्ट म्हणजे गुन्हेगार’ अशा यादीनं परीक्षेत गुण मिळतात आणि डोक्यात गोंधळ तसाच राहतो. यातला प्रत्येक शब्द प्रकरणाच्या एका ठरावीक टप्प्यावर वापरायचा असतो, त्याच्या आधी तो खोटा असतो. म्हणून आम्ही एकच प्रकरण घेतो आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवतो. महिनाभर तेच.

प्रकरण साधं: नवी पेठेत दुकानाबाहेर लावलेली सायकल गेली. ज्याची गेली तो कम्प्लेनंट किंवा इन्फॉर्मंट, मराठीत फिर्यादी. तो ठाण्यात जाऊन जे सांगतो आणि ठाणे अंमलदार जे लिहून घेतो ती एफआयआर. तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळायची असते, हे मुलांना मुद्दाम सांगते. हद्दीचा वाद असला तरी खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, ती झिरो एफआयआर. फौजदार चावडी ठाण्याचं काम जेलरोड ठाण्यात नोंदलं आणि मग तिकडे पाठवलं, असं उदाहरण दिलं की लगेच कळतं. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

आता तपास. इथे पहिला खड्डा येतो. दुकानाच्या सीसीटीव्हीत एक मुलगा सायकलीजवळ दिसतो. तो कोण? पोरं एका सुरात म्हणतात, ‘थीफ!’ नाही. तो अजून सस्पेक्टसुद्धा नाही, तो सीसीटीव्हीत दिसलेला मुलगा आहे. पोलिसांना संशय यायला कारण सापडलं की सस्पेक्ट. चौकशीला बोलावलं तर क्वेश्चनिंग. अटक झाली तर अरेस्टेड ऑन सस्पिशन ऑफ थेफ्ट. अटकेचं कारण त्याला सांगावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. या ‘उभं करण्याला’ इंग्रजीत प्रोड्यूस म्हणतात. प्रोड्यूस म्हणजे फक्त उत्पादन असं शाळेत शिकलेली मुलं इथे डोळे विस्फारतात. पुढे पोलीस कोठडी, म्हणजे पीसीआर, आणि न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर. पोलिसांच्या ताब्यात आणि तुरुंगाच्या ताब्यात, हा फरक बातमी वाचणाऱ्या मोठ्यांनाही नीट माहीत नसतो. मग बेल. ‘मॅडम, बेल झाली म्हणजे सुटला की!’ हे वाक्य दर तुकडीत येतं. सुटला नाही. खटला संपेपर्यंत बाहेर राहायची परवानगी मिळाली. तसंच नॉन-बेलेबल म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. तो हक्क म्हणून मागता येत नाही, द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं.

पोलीस चार्जशीट दाखल करतात, पण चार्ज फ्रेम करतं कोर्ट. मग ट्रायल, एव्हिडन्स, क्रॉस-एक्झामिनेशन, जजमेंट. अक्विटेड झाला, म्हणजे निर्दोष सुटला, तर विषय संपला. कन्व्हिक्टेड झाला, म्हणजे दोषी ठरला, तर, आणि फक्त तेव्हाच, त्याला थीफ म्हणायला हरकत नाही.

हे महिनाभर घोळवल्यावर मुलं घरी टीव्हीवरच्या बातम्यांत चुका काढायला लागतात. पालकांची तक्रार येते की पोरगं जेवताना बातमीदाराला सुधारतं. ही तक्रार मी ऐकून सोडून देते.

चोरी, दरोडा, लूट, घरफोडी यांचे इंग्रजी शब्द एकदम शिकवता का?

एकदम नाही. जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी शिकवले की ते एकमेकांत मिसळतात, हे भाषाशिक्षणाच्या संशोधनात दिसलेलं आहे आणि वर्गातही दिसतं. आधी थेफ्ट मुरू द्यायचा. दुसऱ्याच्या ताब्यातली हलवता येणारी वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं नेणं. आठवड्यानं एक्स्टॉर्शन, म्हणजे भीती घालून काढून घेणं, आपली खंडणी. त्याच्या पुढच्या आठवड्यात रॉबरी, जिच्यात चोरी किंवा खंडणी असते आणि शिवाय तिथल्या तिथे मारहाण किंवा मारहाणीची धास्ती. मग एकच आकडा: पाच. पाच किंवा जास्त माणसं मिळून रॉबरी करतात तेव्हा डकॉइटी. चार जणांनी केला तर मराठी बातमी खुशाल ‘दरोडा’ छापते, कायदा त्याला डकॉइटी म्हणत नाही.

स्नॅचिंग हा नवीन. गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावणं किंवा हातातला मोबाइल ओढणं याला भारतीय न्याय संहितेत प्रथमच वेगळं कलम मिळालं, ३०४. घरफोडीला आपल्या कायद्याचा शब्द हाउस-ब्रेकिंग, इंग्लंड-अमेरिकेत बर्गलरी.

क्रियापदांत एकच गोष्ट घटवून घेते. स्टील करतात वस्तू, रॉब करतात माणसाला किंवा बँकेला. ‘दे रॉब्ड माय मोबाइल’ लिहिलं की लाल शाई.

जुन्या पुस्तकातली कलमं चालतील का?

शब्द बरेचसे चालतील, आकडे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता (१८६०), फौजदारी प्रक्रिया संहिता (१९७३) आणि पुरावा कायदा (१८७२) यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. चारसोबीस हा शब्द मात्र बोलण्यातून इतक्यात जायचा नाही. शिवाय त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागते, त्यामुळे बातम्यांत अजून दोन्ही आकडे दिसतात. मुलांना कलमं पाठ करायला लावत नाही, कोणतं पान कुठे बघायचं ते दाखवते.

वेब सिरीज बघून मुलाचं इंग्रजी सुधारेल का?

कान सुधारेल. शब्द मात्र परक्या देशाचे येतील. ‘यू हॅव द राइट टू रिमेन सायलेंट’ हे प्रत्येक पोराला पाठ असतं. तो अमेरिकेतला मिरांडा इशारा, १९६६ च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातून आलेला. आपल्याकडे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नसणं हे राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे, अटकेचं कारण कळणं आणि वकिलाचा सल्ला घेणं कलम २२ मध्ये. फेलनी आणि मिसडिमीनर, म्हणजे गंभीर आणि किरकोळ गुन्हे, ही अमेरिकेतली विभागणी आपल्याकडे नाही. आपल्याकडे कॉग्निझेबल आणि नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे दखलपात्र आणि अदखलपात्र. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात की नाही, यावर ती उभी आहे. एनसी म्हणतात ती या दुसऱ्या प्रकारातली. आपल्या फौजदारी खटल्यांत ज्युरीही बसत नाही.

म्हणून सिरीज बघा, पण प्रत्येक शब्दापुढे देश लिहा. वहीत आम्ही तीन रकाने आखतो: भारत, इंग्लंड, अमेरिका.

व्याकरण शिकवता की नुसते शब्द?

शब्दामागून जेवढं येतं तेवढं. पोलीस हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी: ‘द पोलीस आर’, ‘इज’ नाही. एव्हिडन्स आणि इन्फर्मेशनला ‘एस’ लागत नाही. फाशी दिलेल्या माणसाला ‘हँग्ड’, भिंतीवरच्या फोटोला ‘हंग’. शब्दयोगींची माळ मात्र रोज म्हणून घेते: अक्यूज्ड ऑफ, चार्ज्ड विथ, अरेस्टेड फॉर, कन्व्हिक्टेड ऑफ, सेंटेन्स्ड टू, अक्विटेड ऑफ. पाढ्यासारखी. समजावून सांगण्यात वेळ घालवू नये, ती तोंडात बसावी लागते.

सगळ्यात कामाचा शब्द ‘अलेजेडली’, म्हणजे ‘असा आरोप आहे’. आणि तोच पोरं सगळीकडे शिंपडतात. ‘सायकल अलेजेडली चोरीला गेली’ म्हणायची गरज नाही, सायकल जागेवर नाही हे सगळ्यांनी बघितलंय. अमक्यानं नेली, हे अलेज्ड. कशावर शंका आहे आणि कशावर नाही, हे ठरवल्याशिवाय तो शब्द वापरता येत नाही.

उच्चारांचं काय?

सस्पेक्ट, कन्व्हिक्ट, रेकॉर्ड या शब्दांत नामाला पहिल्या भागावर जोर, क्रियापदाला दुसऱ्या. सब्पोईना लिहिलेलं दिसतं, म्हणायचं सपीना. इंडिक्ट लिहायचं, इन्डाइट म्हणायचं. कॉर्प्स म्हणजे प्रेत, पण सैन्यदळाचा कोअर त्यातलं एक अक्षर गाळून लिहितात आणि उच्चारात दोन गाळतात. यापलीकडे मी ताण देत नाही. सोलापुरी हेल राहिला तरी काही बिघडत नाही, समोरच्याला शब्द कळला पाहिजे.

त्यासाठी वायरलेसचा खेळ आहे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरं सांगायची पद्धत १९५६ पासून विमानवाहतुकीत जगभर चालते. मुलं फाटकात उभी राहून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर एकमेकांना सांगतात: ‘माइक हॉटेल वन थ्री’, म्हणजे एमएच १३, आपलं सोलापूर. अकलूजकडची गाडी आली की ‘फोर फाइव्ह’. आणि ‘ओव्हर अँड आउट’ म्हणणाऱ्याला बाद करतो. ओव्हर म्हणजे माझं झालं, तू बोल. आउट म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं होणार?

घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं मागे पडतात का?

उलट. ‘दखलपात्र’ हा शब्द पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या मुलाला जितका परका, तितकाच मराठी घरातल्या मुलालाही. सगळे एकाच रेषेवरून निघतात. शिवाय फौजदार, जामीन, मुद्देमाल, फिर्याद, फरार हे फारसी-अरबीतून आलेले शब्द उर्दू माध्यमाची मुलं इतरांना समजावून सांगतात.

गड्डा यात्रा किंवा वारीचा काही उपयोग करता का?

खूप. जानेवारीत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात तेव्हा शहरभर बंदोबस्त असतो. आषाढीला पंढरपूरचा बंदोबस्त तर जिल्ह्याबाहेरून कुमक मागवून करावा लागतो. बॅरिकेड, डायव्हर्जन, क्राउड कंट्रोल, स्टँपीड, वॉच टॉवर हे शब्द मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात, फक्त नावं द्यायची.

एक काम मी नेहमी देते: गर्दीत सहा वर्षांचं मूल हरवलंय, त्याची इंग्रजीत उद्घोषणा लिहा. वय, उंची, बांधा, कपडे, शेवटचं कुठे दिसलं, कुणाशी संपर्क करायचा. ‘लास्ट सीन वेअरिंग’ हे तीन शब्द त्या दिवशी पक्के बसतात. पहिल्या मसुद्यात ‘अ क्यूट बॉय’ असतंच. त्यावरून मूल कसं शोधायचं, असं विचारलं की स्वतःच खोडतात.

याच ओघात जमावबंदी आणि संचारबंदी वेगळ्या करून घेतो. पहिली प्रोहिबिटरी ऑर्डर, पूर्वीचं १४४ आणि आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. दुसरी कर्फ्यू. पहिलीत माणूस एकटा रस्त्यावर जाऊ शकतो, जमाव करू शकत नाही. दुसरीत घराबाहेरच पडायचं नाही. मार्शल लॉ त्याहून निराळा, तिथे कारभारच लष्कराच्या हातात जातो. मे १९३० मध्ये सोलापुरात तो लागला होता, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या मुलांना ही नावं माहीत असतात. सरकारच्या त्या वेळच्या कागदात हे चौघे कुठल्या इंग्रजी शब्दानं येत असतील आणि चौकातल्या पुतळ्यांखाली आपण कुठला शब्द लिहिला, हा प्रश्न टाकून मी गप्प बसते. त्या दिवशी वर्ग उशिरा सुटतो.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याच्या वयाच्या मुलांना हेच शब्द लागू होतात का?

नाही, आणि हे त्यांना सगळ्यात जास्त आवडतं. १८ वर्षांखालच्यांसाठी बाल न्याय कायदा, २०१५ चा. त्याच्या तत्त्वांतच लिहिलंय की बालकाच्या संदर्भात दोषारोप करणारे, कलंक लावणारे शब्द वापरू नयेत. म्हणून तिथे अक्यूज्ड नाही, ‘चाइल्ड इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ’, मराठीत विधिसंघर्षग्रस्त बालक. अरेस्टच्या जागी अ‍ॅप्रिहेन्ड. लॉकअप किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला तर वेगळी तपासणी होते, तेवढं सांगून पुढे जातो. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर.

वर्गात कुणाच्या घरावर केस असेल तर?

असतेच. शिक्षकांनो, हे गृहीत धरूनच शिकवा. ‘तुमच्या ओळखीत कुणाला अटक झालीय का?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. उदाहरणांत माणसांना नावं न देता अ, ब, क म्हणा, कारण कुठलंही आडनाव घेतलं की ते वर्गात कुणाचं तरी असतं.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टनं जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणाआड वसवल्या. तसली एक मोठी सेटलमेंट इथे होती. कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, पण वस्तीच्या नावात सेटलमेंट हा शब्द अजून आहे, आणि त्या घरांतली मुलं माझ्या बाकांवर बसतात. तेव्हा ‘हॅबिच्युअल ऑफेंडर’, ‘हिस्टरी-शीटर’, ‘सराईत’ हे शब्द मी तोंडदेखले उरकत नाही. हिस्टरी शीट म्हणजे ठाण्यात एखाद्या व्यक्तीवर ठेवलेली नोंद. व्यक्तीवर, जातीवर नव्हे. डीनोटिफाइड, मराठीत विमुक्त, हा शब्द मी क्रिमिनलच्या आधी शिकवते. कुणाला वाटेल हे इतिहासाच्या तासाला शोभतं. पण जो शब्द एका मुलाला नुसतं स्पेलिंग वाटतो आणि शेजारच्याला आज्याचं आयुष्य, तो शब्द अर्थ सांगून मोकळं होण्यासारखा नाही. एकानं विचारलं होतं, ‘मॅडम, माझ्या आज्यानं काय केलतं म्हणून हजेरी लावत होते?’ काही केलं नव्हतं. ‘विदाउट एनी चार्ज’ हा शब्दसमूह त्या दिवशी सगळ्यांच्या वहीत गेला.

अशा शब्दांनी मुलांच्या डोक्यात नको ते भरणार नाही ना?

लैंगिक गुन्ह्यांचे शब्द आम्ही टाळत नाही, रंगवतही नाही. पॉक्सो कायदा (२०१२), कन्सेंट, सर्व्हायव्हर, आयडेंटिटी गुप्त ठेवणं, एवढं शांतपणे, शक्यतो शाळेच्या समुपदेशकांना सोबत घेऊन. ‘ईव्ह-टीझिंग’ हा भारतीय इंग्रजीतला गोंडस शब्द वापरू देत नाही. हॅरॅसमेंट म्हणायचं. गुन्हा कसा केला याचे तपशील, हत्यारं, फोटो, व्हायरल क्लिपा यांना वर्गात जागा नाही.

पोलीस ठाण्यात नेता का?

२ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिवस. त्या आठवड्यात ठाणी विद्यार्थ्यांना दाखवतात, तेव्हा जातो. पुढे लगेच यात्रेचा बंदोबस्त लागतो, त्यामुळे आधी विचारून ठेवावं. मुलांनी प्रश्न इंग्रजीत लिहून न्यायचे आणि मराठीत विचारायचे. कर्मचाऱ्यांना इंग्रजीत प्रश्न विचारून अडचणीत टाकणारा विद्यार्थी पुढच्या भेटीला येत नाही. लॉकअपकडे बोट दाखवून हसायचं नाही, फोटो काढायचे नाहीत.

परीक्षा कशी असते? सर्टिफिकेट मिळतं का?

सर्टिफिकेट नाही. परीक्षेत मराठी वर्तमानपत्रातली गुन्ह्याची एक बातमी नावं खोडून देतो. तिचा इंग्रजीत दहा ओळींचा रिपोर्ट लिहायचा. मग दुसरा विद्यार्थी बचाव पक्षाचा वकील होऊन त्यावर प्रश्न विचारतो: हे कोण म्हणालं? कधी? हे सिद्ध झालं की नुसतं सांगितलंय? ज्या वाक्याचं उत्तर देता येत नाही ते खोडायचं. स्पेलिंगला गुण कापत नाही. टप्पा चुकला, म्हणजे चार्जशीटही झालेलं नसताना कन्व्हिक्ट लिहिलं, तर दोन गुण जातात. शब्दकोश आणि वही जवळ ठेवायला परवानगी आहे, मोबाइल नाही.

बसायला जागा मोजकी असल्यामुळे नाव नोंदवायला मुलानं स्वतः यावं. येताना तीन रकाने आखायला पुरेल अशी रुंद वही आणा.